शर्यतीआधी आठ दिवस आडवा

माझी पोटरी पळताना भरली नाही. पळायला सुरुवात कशी करतात ते दाखवताना भरली, आणि तीही कचेरीत, दुपारी चहाच्या वेळी.

लातूर जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता. जिल्हा झाला, पण त्याला ठेवायला जागा नव्हती. आमच्या शाखेला एका बंद पडलेल्या डाळमिलचं गोदाम मिळालं होतं. उस्मानाबादहून ट्रक भरभरून कागद आले होते, लाल फडक्यात बांधलेले बस्ते. कपाटं यायची होती, आणि ती पुढं कितीतरी दिवस यायचीच होती. तोवर आम्ही बस्त्यांच्या तुरीच्या पोत्यांसारख्या थप्प्या लावल्या होत्या. कोपऱ्यांतून अजून डाळीचा भुस्सा उडायचा आणि दर अर्ध्या तासानं सगळी शाखा मिळून शिंकायची.

अशात नांदेडहून पत्र आलं. आजूबाजूच्या जिल्ह्यांतल्या कर्मचाऱ्यांच्या खेळांच्या स्पर्धा तिथं होणार होत्या आणि नव्या जिल्ह्यानंही माणसं पाठवावीत, असं त्यात होतं. आमचे हेडक्लार्क ते पत्र घेऊन टेबलाटेबलावरून फिरले. कबड्डीला माणसं मिळाली. कॅरमला तर भांडणं झाली. तीन हजार मीटर पळायला मात्र कुणी तयार होईना.

"जिल्हा नवा हाय," हेडक्लार्क म्हणाले. "पहिल्याच साली जागा रिकामी ठेवली तर नांदेडवाले काय म्हणतील? लेकरू जन्माला घातलं अन् पाय लावायचे राहिले?"

मी म्हणालो, शाळेत असताना मी तालुक्यात दुसरा आलो होतो. हे खरं होतं. पळणारे तिघेच होते आणि त्यातला एक अर्ध्यातून घरी जेवायला गेला होता, हे मी सांगितलं नाही.

"मग सुरुवात कशी करतेत, दाखवा बरं!"

मी चप्पल काढली. दोन्ही हात फरशीवर टेकले, मागचा पाय पीकपाहणीच्या बस्त्यांना लावला. हेडक्लार्कनी तोंडानं पिस्तूल वाजवलं. मी पुढं झेप घेतली, बस्ते मागं गेले, आणि माझा पाय कुणाबरोबर जावं ते न कळून मधेच राहिला. पोटरीत टणकन झालं. वरून थप्पी आली. तीन गावांचे कागद एकमेकांत मिसळले. त्यातल्या एका गावाच्या नावावर अजून दुसऱ्याच गावाची विहीर आहे, असं आमच्या शाखेत म्हणतात.

लंगडत घरी आलो तर बायको अंगणात घागरी मोजत होती.

"पडलात?"

"पडलो नाही. सराव करत होतो."

"कशाचा? लंगडायचा?"

त्या साली पाऊस नुसतं तोंड दाखवून गेला होता. आमच्या गल्लीत टँकर चौथ्या दिवशी यायचा, कधी पाचव्या, आणि कधी येणार ते टँकरवाल्यालाही ठाऊक नसायचं. अंगणात बायकोनं एक लोखंडी पिंप, दोन रांजण आणि आठ घागरी अशी फौज उभी केली होती. कुठल्या भांड्यातलं पाणी कशाचं, ते फक्त तिला ठाऊक. अंघोळीचं पाणी फरशीला, फरशीचं पाणी दारातल्या लिंबाला. मी एकदा घागर ओळखायला चुकलो आणि प्यायच्या पाण्यानं दाढी केली. ती दाढी ती अजून काढते.

त्या आठवड्यात तिनं दोन्ही रांजण बंद केले होते. तोंडावर फडकं, फडक्यावर सुतळी, सुतळीला तीन गाठी. ते पुढच्या सोमवारसाठी राखलेलं पाणी होतं. म्हणजे पुढच्या रविवारी माझी नांदेडला शर्यत, आणि लगेच सोमवारी आमच्या घरी तिच्या धाकट्या बहिणीला पाहायला नांदेडची मंडळी येणार होती.

मेहुणी दोन महिन्यांपासून आमच्याकडंच होती. उदगीरजवळच्या त्यांच्या गावात विहिरी आटल्या होत्या आणि सासरे म्हणाले होते, "पाव्हण्याला पाय धुवायला तांब्याभर पाणी देता येईना, तर पोरगी कुठल्या तोंडानं दाखवू?" म्हणून कार्यक्रम आमच्या दारी. आधी दोन ठिकाणं हातची गेली होती. सोमवार हा आमच्याकडं शंकराचा वार, आणि पुढल्याच आठवड्यात अधिक महिना लागत होता. हा सोमवार हुकला की महिनाभर सगळं बंद, आणि महिनाभर मुलाकडचे काही आमच्यासाठी थांबणार नव्हते. सात माणसं येणार होती. पाय धुवायला, प्यायला, चहाला, सुशिल्याचे मुरमुरे भिजवायला, भांडी विसळायला, असं सगळं मिळून दोन रांजण लागतील, असा बायकोचा अंदाज होता. तिच्या अंदाजात तांब्याभराचीसुद्धा चूक नसते.

शेजारी एक पैलवान राहायचे. एके काळी त्यांनी कर्नाटकापर्यंत कुस्त्या मारल्या होत्या. आता आडत बाजारात हमालांचे मुकादम होते. सगळ्या गल्लीची मुरगळ, लचक, उसण त्यांच्याकडं. त्यांनी माझी पोटरी अंगठ्यानं दाबली. मी ओरडलो. त्यांना बरं वाटलं.

"जिवंत हाय," ते म्हणाले. "शीर भरलीय. आंबेहळदीचा लेप, करडईचं कोमट तेल अन् गरम पाण्याचा शेक."

"पाण्याचा शेक न्हाई," बायको आतून म्हणाली.

"बरं, विटंचा शेक. अन् बाबू, खरी गोष्ट म्हंजी आराम. शर्यतीचा बैल असतो का न्हाई, त्याला पटाच्या आधी आठ दिवस औताला जुंपीत न्हाईत. पाय दोन उशांवर वर ठिवायचा. जमिनीला टेकवायचा न्हाई. पाणी-बिणी आणायचं तर नावच काढू नका."

इतका शहाणा माणूस इतकी वर्षं आपल्या भिंतीपलीकडं राहतो आणि आपल्याला त्याची किंमत नाही, असं मला वाटून गेलं.

"बैल वर्सभर राबतो, म्हणून त्याला सुट्टी," बायको म्हणाली. "ह्यांना कशातनं सुट्टी द्यायची?"

पण मी रजा टाकली. आत पत्र्याखाली भाजून निघायचं, म्हणून पैलवानांनी माझी बाज ओसरीवर टाकली, अगदी रस्त्याच्या तोंडाला. पायाला पिवळाजर्द पट्टा, खाली दोन उशा, बाजूला तापलेली वीट. आता इतक्या वर्षांनी लपवण्यात अर्थ नाही म्हणून लिहितो: तिसऱ्या दिवशी सकाळी पोटरी पूर्ण बरी होती. मी ते कुणाला सांगितलं नाही. बैलानं तरी सांगितलं असतं का?

चूक झाली ती इथं. पोटरी बरी झाल्याची नव्हे, ओसरीवर झोपण्याची. आमच्या भागात माणूस दिवसा आडवा होत नाही. आडत्या दुपारी गादीवर तक्क्याला टेकून घोरतो, पण तो बसलेला असतो. शेतकरी झाडाखाली तोंडावर पटका घेऊन पडतो, पण त्याला 'टेकलाय' म्हणतात. दोन लेकरांचा बाप सकाळी अकरा वाजता बाजेवर उताणा, पाय आभाळाकडं, हे दृश्य लोकांनी एकाच प्रसंगी पाहिलेलं असतं. आणि त्या प्रसंगी काय करायचं ते ठरलेलं असतं. ग्लुकोज बिस्किटांचा पुडा घ्यायचा आणि भेटायला जायचं.

पहिली आली समोरची म्हातारी. "काय झालं गं?" तिनं बायकोला विचारलं. दुखणाइताला कुणी विचारत नाही.

"पोटरी भरलीय."

"अगं बाई!" म्हातारी टेकली. आता आलेल्याला आधी पाणी, मग चहा. भेटायला आलेल्या माणसानं नको म्हणायचं नसतं, दुखणं असलेल्या घरातून कोरडं जाऊ नये म्हणतात. म्हातारी पाणी प्यायली, चहा प्यायली, परत पाणी प्यायली आणि बातमी घेऊन गेली.

गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत पोटरीचा पाय झाला. चौकात पायाचं अंग झालं, आणि तेही लुळं पडलेलं. दूधवाला, किराणावाला, शाळेतले मास्तर आले. कुणी निरगुडीचा पाला आणला, कुणी काळा दोरा. एकाचा लेप वाळायच्या आत दुसऱ्याचा चढायचा. लेकरांनी बिस्किटांचे तेरा पुडे भिंतीशी रचले आणि शाळेतून येताना मित्र घेऊन यायला लागली. त्यांनाही पाणी लागायचं. टँकर बुधवारी यायचा तो आला नाही. बुधवारच्या रात्रीपर्यंत पिंप कोरडं झालं, गुरुवारी सकाळी घागरी.

"उठून बसा हो जरा," बायको म्हणाली. "निदान लोक येताना दिसले की बसत जा."

"पाय जमिनीला लावायचा नाही म्हणालेत."

"पायावर बसतेत का माणसं?"

तेवढ्यात दाराशी जीप थांबली. माझी आत्या किल्लारीहून आली होती. एकटी नव्हे, जीप केलीच आहे तर कशाला रिकामी न्यायची, म्हणून शेजारपाजारचे धरून नऊ जण. आत्यानं जीपमधूनच गळा काढला.

"माझ्या सोन्या रे! ह्या वयात काय रे ही पाळी!"

मी म्हणालो, "आत्या, मला काही झालं नाही. मी रविवारी नांदेडला पळायला जाणार आहे."

आत्याचं रडणं पटकन थांबलं. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग बायकोला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "डोक्यावर बी गेलंय का गं?"

नऊ माणसांचे पाय, नऊ तांबे, नऊ चहा. मी डोळे मिटून पडलो होतो तरी मला ऐकू आलं. पहिल्या रांजणाची सुतळी सुटत होती. एक गाठ, दुसरी गाठ, तिसरी गाठ. मेहुणी म्हणाली, "अक्का, हे सोमवारचं हाय." बायको काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा मी कूस बदलतो.

शुक्रवारी कचेरीची मंडळी आली. त्यांना सगळं ठाऊक होतं, तरी बिस्किटं आणलीच. हेडक्लार्क माझ्या पोटरीकडं बघत म्हणाले, "नव्या जिल्ह्याची इज्जत हितं हाय बरं का!" आणि पाणी प्यायले. संध्याकाळी पहिल्या रांजणाच्या तळाला घागर खरखरली. दुसऱ्याला अजून सुतळी होती. टँकर नाहीच.

शनिवारी दुपारी मुलाचे मामा आले.

नांदेडच्या त्या घरात बोलायचे ते मामाच. मुलाचे वडील नुसती मान हलवायचे, मामा ज्या बाजूला सांगतील त्या बाजूला. मामा नांदेडला कुठल्याशा कचेरीत नोकरीला होते. गुडघा दहा वर्षांपासून गेलेला. ओसरीची एक पायरी ते तीन टप्प्यांत चढले, पिशवीतल्या मोसंब्या बायकोकडं दिल्या आणि बाजेपाशी खुर्चीवर बसले.

"आम्हाला बातमी लागली," मामा म्हणाले. "म्हटलं, घरात माणूस असं पडून असताना पोरगी बघायला चार माणसं घेऊन येणं बरं दिसत न्हाई. तर कार्यक्रम पुढं ढकलू का, ते विचारायला आलो. अधिक सरला की बघू."

दाराआड मेहुणीच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या.

खरं सांगायचं तर एका वाक्याचं काम होतं: हे धडधाकट आहेत. पण मग मामा विचारणार, धडधाकट माणूस भरदिवसा पाय वर करून का पडलाय? आणि मग सांगावं लागणार की मुलीचा मोठा दाजी, वय पस्तीस, उद्या हाफपँट घालून चारचौघांत पळणार आहे आणि त्यासाठी आठ दिवस झोपून राहिला आहे. आमच्यासारख्या दुकानदार-शेतकरी माणसांत आजारी जावई चालतो. असला चालत नाही.

बायकोनं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा दाराकडं.

"पायात वायू भरलाय जरा," ती म्हणाली. "उतार हाय. सोमवारपर्यंत उठून बसतील. तुम्ही या, काही पुढं ढकलू नका."

माझ्यासाठी नव्हे, बहिणीसाठी तिच्यावर खोटं बोलायची वेळ आणली होती मीच. तेव्हा आपणही थोडी मदत करावी म्हणून मी उजवा पाय धरून कण्हलो. लेप डाव्या पायाला होता.

मामा खुर्चीतून पुढं झुकले. "दोन्ही गेलेत?"

"येऊन जाऊन असतं," बायको म्हणाली.

मामा दुसऱ्या रांजणातलं पाणी प्यायले, चहा प्यायले आणि जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेले.

ते वळणावर दिसेनासे झाल्यावर बायको बाजेपाशी येऊन उभी राहिली. "उद्या जाणार त्यांच्याच गावात पळायला?"

"नाव दिलंय. जिल्ह्याची जागा रिकामी राहील. आणि नांदेड केवढं मोठं आहे! मामा कशाला येतात मैदानावर?"

तिनं दुसऱ्या रांजणाची सुतळी परत आवळली. मग माझं उपरणं माझ्या पोटावर टाकलं. "जा. पण तोंड बांधून पळा."

रविवारी पहाटे कचेरीच्या जीपनं निघालो, उन्हं चढायच्या आत नांदेडला पोचलो. नांदेडचे कारकून आमची वाटच बघत होते. "आलं का लातूरचं लेकरू? दूध पाजून आणलंय न्हवं?" मी डोक्याला आणि तोंडाला उपरणं गुंडाळून रांगेत उभा राहिलो. हेडक्लार्कनी कारण विचारलं, मी ऊन म्हणालो. अकरा जण होतो. मैदानाच्या साडेसात फेऱ्या.

आठ दिवस झोपलेला माणूस पळायला लागला की पहिल्या शंभर पावलांत त्याला वाटतं, आपण उडतो आहोत. दोनशे पावलांनी त्याला वाटतं, कुणी उतरवून घेईल का. तोंडावर उपरणं असल्यानं माझा श्वास बाहेर जाऊन तोच परत येत होता. पहिली फेरी संपता संपता डोळ्यांपुढं अंधारी आली, तसं मी उपरणं ओढून काढलं. त्या वेळी मी नेमका पाण्याच्या पिंपापुढून जात होतो. पिंपाशी, छातीला कागदी फूल लावून, पेला हातात धरून मामा बसले होते. त्यांच्या कचेरीनं त्यांना पाणी वाटायच्या कामावर नेमलं होतं. गुडघ्यामुळं बसून करायचं काम.

दुसऱ्या फेरीला मामा उभे होते.

तिसऱ्या फेरीला ते चुन्याच्या रेघेपाशी आले होते. "पाव्हणं?" असं त्यांनी मला नव्हे, स्वतःलाच विचारलं.

चौथ्या फेरीला त्यांची खात्री पटली. "अहो पाव्हणं! काय करून राहिले! पडाल! दोन्ही पाय गेलेत तुमचे!" आणि पेला तसाच हातात धरून मामा माझ्या बाजूनं धावायला लागले. पाणी हिंदकळत होतं, मामा गुडघ्यातून डुलत होते, आणि ओरडत होते, "थांबवा त्याला! पेशंट हाय तो! काल बाजंवरून उठता येत न्हवतं!"

मी थांबलो असतो तर काय सांगितलं असतं? म्हणून जोरात पळालो. पाचव्या फेरीला प्रथमोपचारवाले दोघे स्ट्रेचर घेऊन माझ्या मागं लागले. त्यांचा सराव माझ्यापेक्षा चांगला होता, पण स्ट्रेचर रुंद होतं आणि वळणावर त्यांची तोंडं दोन दिशांना व्हायची. सहाव्या फेरीत मी नांदेडच्या दोघांना मागं टाकलं. ते बिचारे नुसते शर्यत पळत होते.

मी चौथा आलो. माझ्यामागं सात जण आणि एक स्ट्रेचर. हेडक्लार्क टाळ्या पिटत ओरडत होते, "नवा जिल्हा! चौथा नंबर!" मी लिंबाखाली कोसळलो आणि वर पाहिलं तर मामा. पेल्यात दोन घोट पाणी उरलं होतं, ते त्यांनी मला पाजलं.

आता लपवण्यात राम नव्हता. दम खात खात मी सगळं सांगून टाकलं. "मामा, मला काहीच झालं नव्हतं. नुसती पोटरी भरली होती, तीही तिसऱ्या दिवशी बरी झाली. मी आराम करत होतो. पळायसाठी."

मामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "गुण आलेला माणूस असंच म्हणतो. आमची आई बी ताप उतरला की म्हणायची, मला कधी आलाच न्हवता." मग ते जवळ सरकले. "तो पिवळा लेप लावतो कोण?"

सोमवारी सात जण यायचे ते अकरा आले.

बायको दारात उभी होती. दोन दिवसांच्या भेटणाऱ्यांनंतर दुसऱ्या रांजणाच्या तळाला जे पाणी उरलं होतं, ते सात जणांच्या पायांना पुरलं. आठव्याला तिनं तांब्या अर्धा दिला, अकराव्याच्या पायांवर चार थेंब पडले. आत मेहुणी ठेवणीतली साडी नेसून बसली होती. पुढ्यात तबक, तबकात अकरा कप, आणि अकराही रिकामे. मुरमुरे परातीत कोरडेच होते. तिनं बहिणीकडं पाहिलं. बायकोनं घागर तिरपी केली, तिच्यातून काही पडलं नाही. बायकोचा चेहरा इतका उतरलेला मी कधी पाहिला नव्हता. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

तेवढ्यात बाहेरून मामा म्हणाले, "चहापाणी राहू द्या. त्याची काय घाई हाय? आधी त्या पैलवानांना बोलवा. माझा गुडघा, आमच्या दाजींची कंबर, ह्या आमच्या अक्कांची टाच. हे चौघं तर त्याचसाठी आलेत."

पैलवानांना असा दरबार जन्मात मिळाला नव्हता. पोती अंथरली गेली. मामा पालथे, मुलाचे वडील कुशीवर, बाकीचे जागा मिळेल तसे. वीट तापली, करडईचं तेल तापलं, हळद लागली. सगळं कोरडं काम, पाण्याचा थेंब नको. मुलगी पाहायला आलेली माणसं माझ्या अंगणात ओळीनं आडवी पडून विव्हळत होती. मामांनी मलाही सोडलं नाही. "पाव्हणं, काल लई ताण दिला तुम्ही. पडा!" मी परत माझ्या बाजेवर.

समोरच्या म्हातारीनं दारातून डोकावून ओळ मोजली. "साथ आली का गं काही?" म्हणाली आणि बिस्किटं आणायला गेली.

आणि मग गल्लीच्या तोंडाशी टँकरचा भोंगा वाजला.

तो भोंगा ज्यानं त्या साली ऐकलाय त्याला सांगायला नको. बायको हातातली वीट टाकून घागरी काढायला लागली. मेहुणी तबक बाजूला सारून, साडीचा पदर खोचून, दोन घागरी घेऊन माणसांच्या ओळीवरून उड्या मारत बाहेर गेली. मी उठलो तर मामांनी पालथ्या अंगानं माझा घोटा धरला. "तुम्ही न्हाई!" अंगणात उभा असा एकच पुरुष होता. तो मुलगा. त्याला काहीच दुखत नव्हतं, म्हणून इतका वेळ तो रिकाम्या रांजणाला टेकून कुठं बघावं ते न कळून उभा होता. त्यानं बायकोच्या हातातला हंडा घेतला आणि पळाला.

त्यानंतर अर्धा तास आडवी माणसं माना वळवून रस्त्याकडं बघत होती. पैलवान तेवढे दाबत होते. मग ती दोघं आली. तिच्या डोक्यावर घागर, त्याच्या खांद्यावर हंडा, दुसरी घागर दोघांनी मधे धरलेली. मुलगी पाहायला म्हणून घातलेल्या त्याच्या सदऱ्यातून पाणी निथळत होतं. ती दोघं रिकामी भांडी घेऊन परत पळाली, परत आली, परत गेली. पहिला रांजण भरला, मग दुसरा.

मामांनी मान न उचलताच विचारलं, "काय रे, पोरगी बघितली का?"

"बघितली," तो म्हणाला. त्याला दम लागला होता. "तिनं माझा नंबर धरला. बायका म्हणत होत्या, हा कोण आलाय मधेच, तर म्हणाली, आमच्या घरचा हाय."

मुलाच्या वडिलांनी मामांनी सांगायच्या आतच मान हलवली. कुशीवर असल्यानं ती नीट दिसली नाही, पण सगळ्यांनी हो धरली. मग मुरमुरे भिजले, चहा झाला, आणि सुपारी फुटली ती मामांच्या पिवळ्या गुडघ्यापाशीच.

दिवेलागणीला मंडळी गेली. मेहुणी आत गाणं म्हणत कप विसळत होती, आणि दोनदा विसळत होती, तरी तिला कुणी टोकलं नाही. मी बाजेच्या कडेला बसलो. खरं सांगायचं तर आता दोन्ही पोटऱ्या खरोखरच ठणकत होत्या, आदल्या दिवशीच्या पळण्यानं. मी बायकोला तसं म्हणालो आणि जरा टेकावं म्हणून उशी ओढली.

तिनं ती उशी काढून घेतली. रांजणाच्या तोंडावर फडकं बांधलं, सुतळीला तीन गाठी मारल्या आणि म्हणाली, "ह्यापुढं काही दुखलं तर उभ्यानं दुखू द्या. तुम्ही आडवं झालात की घरातलं पाणी संपतंय."